दहापैकी किती लागलं

११ जानेवारी

ही वही मी माझ्या मनानं घेतली. दवाखान्यातून रोज भरायला एक फॉर्म देतात, त्यात नुसते चौकोन. काय लागलं, कुठे लागलं, दहापैकी किती लागलं. चौकोनात माणूस मावतो होय? म्हणून ही वही. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे. डाव्या हाताचं आहे आणि चौथीपर्यंतच्या शाळेचं आहे, नाक मुरडायचं काम नाही. वाचणार तरी कोण म्हणा.

जे झालं ते एकदाच लिहून टाकते. कापडाच्या गिरणीत पंचवीस वर्षं मी तपासणीच्या टेबलावर होते. ताणलेल्या कापडाखाली दिवा असतो, बाकीच्या बाया डोळ्यांनी बघायच्या. मी हातानं बघायची. डावा हात कापड ओढायचा, उजवा त्यावरून जायचा आणि वाचायचा. जाड धागा, गाठ, सुटलेला पीळ, काही म्हणून सुटायचं नाही. अडीच वर्षांपूर्वी शेजारच्या इस्त्रीच्या गरम रुळांत कापडाची सुरकुती जाताना दिसली, ती सारखी करायला हात घातला. उजवा मनगटाच्या वर चार बोटांपासून गेला. त्याला ओढायला डावा घातला, तो भाजला. डाव्या तळव्याला आणि बोटांना माझ्याच मांडीची कातडी लावलीय. बोटं हलतात, पेन धरतात, पण मांडीच्या कातडीला काय अक्कल? तिला सूत आणि रेशीम एकच. म्हणजे एक हात बहिरा आणि दुसरा नाहीच.

नोव्हेंबरात दंडातल्या नसांना केसाएवढ्या वायरी जोडल्या. टोकं कातडीबाहेर आहेत, ती कमरेच्या पेटीला लावायची. रबरी बोटांचा एक हात आहे, तो थोट्यावर चढवायचा. रबरी बोटाला काही टेकलं की पेटी नसेला टोचते आणि मला ते माझ्या नसलेल्या बोटात लागतं. असं ते म्हणतात. अजून तरी मुंग्याच.

हे दोघांवर चाललंय, मी आणि एक सुतार. मेअखेरीला वायरी काढायच्या. पण मोठे डॉक्टर म्हणाले, ज्याचे आकडे चांगले येतील त्या एकाच्या वायरी राहू देऊ, हातही त्याचाच. गिरणीचा मुकादम म्हणालाय, हाताला कळायला लागलं तर टेबल तुमचं.

मला तो हात पाहिजे. बस.

१४ जानेवारी

हे सकाळी माझी बटणं लावतात आणि मग कामाला जातात. बसच्या डेपोत मेकॅनिक. आज तिसरं बटण दोनदा निसटलं. मी म्हटलं, "अहो, नट बसवताय का? जरा लवकर." काही बोलले नाहीत. हे बोलतच नाहीत. सत्तावीस वर्षांत यांनी बोललेलं सगळं या वहीच्या चार पानांत बसेल.

यांचे हात म्हणजे लोखंड घासायची कानस. लग्नाला महिना झाला होता, मी गिरणीतून नमुन्याचं मऊ कापड आणलं होतं, यांनी त्यावर हात फिरवला तर सरसर धागे निघाले. मी ओरडले, "ते हात लांब ठेवा हो, सगळं उसवतंय!" तेव्हापासून हे कशालाही हात लावताना उलटा करून लावतात. कापडाला, उशीला, मलासुद्धा. तळवा नाही, हाताची पाठ. ताप बघताना बघतात ना, तसं.

संध्याकाळी बाकावर बसतात तेही माझ्या उजवीकडे. तिकडे काय आहे? रिकामी बाही. डावीकडे बसले तर निदान कप तरी हातात देता येईल.

२३ जानेवारी

आज लागलं.

वायरींचं काम बघणारी एक इंजिनिअर पोरगी आहे. सारखी पेनाची टोपणं कुरतडते, म्हणून मी तिला खारूताई म्हणते. तिला चालतं. ती समोर हाताचं चित्र ठेवते, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधते, रबरी बोटं एकेक दाबते आणि विचारते, "मावशी, कुठे लागलं?" महिनाभर मी दंडाकडेच बोट दाखवत होते.

आज म्हणाली, "कुठे लागलं?" आणि मी म्हटलं, "अंगठ्याला." म्हटल्यावर मलाच कळलं मी काय बोलले ते. अंगठ्याच्या आतल्या बाजूला, पेरावर, जिथे माझ्या गाठी काढायच्या सुईचा घट्टा होता तिथे. कुणीतरी अंगठा धरला होता. जो अंगठा नाही तो.

खारूताई म्हणाली, "मावशी, रडताय का?"

मी खेकसले, "रडायला काय झालं? परत दाब."

तिनं परत दाबलं. अकरा वेळा दाबायला लावलं. बाराव्या वेळी पेटीचा हिरवा दिवा तांबडा झाला, चार्जिंग संपलं.

४ फेब्रुवारी

परीक्षा सुरू झाल्या. पट्टी बांधून रबरी हातात एकदा स्पंज द्यायचा, एकदा लाकडाचा ठोकळा. हात मिटतो, मी सांगायचं, मऊ का कडक. सुताराचे दहापैकी सहा आले.

मला काही कळेना. दोन्हींना एकच टोचणी. पण कान उघडे होते. हात मिटताना त्याची मोटर कुरकुरते. ठोकळा असला की एकदम गप्प होते, स्पंज असला की रडत रडत थांबते. दोनदा ऐकलं आणि कुलूप उघडलं.

दहापैकी दहा.

मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. सुतार म्हणाला, "बाई, तुमचा गेलेला हात वर जाऊन शाळा शिकून आला वाटतं."

मी म्हटलं, "तुमचा अजून बालवाडीत आहे."

बसनं परत येताना छान वाटलं. घरी आल्यावर तितकं नाही.

१९ फेब्रुवारी

आता खडबडीत आणि गुळगुळीत. बोट एका पट्टीवरून ओढतात. पट्टीवर कधी काच, कधी पोत्याचं कापड. पोतं असलं की घासल्याचा आवाज येतो. सोपं आहे.

आज परत दहा. खारूताई खूष होऊन आकडे लिहीत होती. म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी हा करंट अगदी बरोबर बसलाय. आता मी याला हात लावणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

ही काही चोरी नाही. कानही माझेच आहेत. टेबलावर परत बसले की आपोआप कळायला लागेल. पोहायला शिकवतात तेव्हा आधी पाण्यात ढकलतातच की.

२ मार्च

न्हाणीघरातला टाच घासायचा दगड सापडत नाही. विचारलं तर हे म्हणाले, "असेल कुठेतरी." दगडाला काय पाय फुटतात?

९ मार्च

दगड यांच्या खिशात सापडला. धुवायला काढलेल्या विजारीत. डेपोत टाचा घासता का, म्हणून विचारलं तर लाल झाले. आणि रोज झोपताना हातांना तेल चोळतात. वास येतो.

नणंदेला फोनवर सांगितलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली. "वहिनी, दादाला या वयात नटायची हौस आलीय. लक्ष ठेव हं, डेपोत नवीन तिकीटवाली आली असेल."

मी म्हटलं, "ने म्हणावं तिला. नेताना डबा पण भरून देईन."

मग दिवसभर ते डोक्यात राहिलं.

१६ मार्च

माणसानं खरं लिहावं, निदान इथे. मला टेबल पाहिजे म्हणून मी सगळ्यांना सांगते. पाहिजेच आहे. पण सकाळी जाग येते तेव्हा टेबल आठवत नाही. बिनकामाच्या गोष्टी आठवतात. उशीची शिवण. नळाखाली हात धरला की मनगटावरून बाजूला जाणारं पाणी. आणि एकदा, एकदाच, मला ताप होता तेव्हा हे झोपेत हात उलटा करायचा विसरले आणि पूर्ण तळवा माझ्या उजव्या हातात दिला होता. कानशीसारखा. खरखरीत लागला. मी काढून घेतला नाही. सकाळी ते विसरलेले होते आणि मी बोलले नाही.

तेवढंच एकदा परत पाहिजे होतं. आता हे कुणाला सांगायचं? फॉर्ममध्ये याला चौकोन नाही.

२ एप्रिल

आज कानांवर मोठे गोल ठोकळे घातले. त्यातून पंख्यासारखी घरघर ऐकू येत होती. मी म्हटलं, हे कशाला? खारूताई म्हणाली, "बाहेरून तपासायला लोक येणारेत. त्यांच्या नियमात आहे, आवाज बंद पाहिजे. तुम्हाला काय फरक पडतो मावशी, तुम्ही तर पहिल्या नंबरच्या."

दहापैकी चार. परत केलं. तीन. परत केलं. पाच. नाणं उडवलं असतं तर तेवढेच आले असते.

सुताराचे सहा. पठ्ठ्या सहालाच चिकटून आहे.

मी म्हटलं, डोकं दुखतंय.

६ एप्रिल

तीन दिवस खारूताई वायरी तपासतेय. पेटी उघडली, बंद केली, दुसरी पेटी लावली. टोपण तर खाऊनच टाकलं. जेवत नाही. आज मी वेळेआधी गेले तर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते ओरडत नव्हते, हळू बोलत होते, ते जास्त वाईट. "दोन महिने तुमचे आकडे मी सगळ्यांना दाखवले. आता तुमचं मशीनच भरवशाचं नाही असं सांगू का? तुम्हाला या कामावर ठेवायचं की नाही, हाही विचार करावा लागेल."

ती म्हणाली, "चूक माझीच असणार सर. मी शोधते."

मी बाकावर बसले. गप्प राहिले तर काय होईल ते मला दिसत होतं. मशीन बिघडलं म्हणतील, नवीन आणतील, माझे जुने दहा तसेच राहतील. वायरी माझ्याच राहतील. पोरगी जाईल, दुसरी येईल.

गिरणीत एकदा मी एक गाठ सोडली होती. मुद्दाम नाही, कंटाळा आला होता. कापडाचं ठाण परत आलं आणि बोल विणणाऱ्याला लागला. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मी तेव्हाही बाकावर बसले होते.

आत गेले. म्हटलं, "मशीन चांगलं आहे. मीच लबाड आहे."

डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा बाहेर थांबता का?"

"नाही थांबत. मला लागत नव्हतं. ऐकू येत होतं. स्पंजाला मोटर रडते, ठोकळ्याला गप्प बसते. पोत्याला खरखर आवाज येतो. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टीखालून बघतात तसं केलं."

मला वाटलं, खारूताई सुटल्याबद्दल हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, दहा आले म्हणून मी करंट वाढवलाच नाही. तुम्हाला सुरुवातीपासून फार कमी पोचत होतं. तुम्ही कळत नाही म्हणाला असता तर मी फेब्रुवारीतच वाढवला असता."

म्हणजे ताट समोर होतं आणि मीच पोट भरलं म्हणून उठले होते.

डॉक्टर आकड्यांचा कागद उलटा ठेवून म्हणाले, "सुतारांचे सहा खरे आहेत. वायरी त्यांच्या राहतील."

मी म्हटलं, "ठीक आहे."

७ एप्रिल

यांना सगळं सांगितलं. वाटलं, काहीतरी लागेल असं बोलतील. एवढंच विचारलं, "मग आता तुला खडबडीत-गुळगुळीत कळणारच नाही का?"

मी म्हटलं, "तुमचं काय जातंय?"

"काही नाही," म्हणाले, आणि तेलाची बाटली घेऊन उठले. तिकडे बायकोचा हात गेला आणि इकडे यांचं तेल चुकत नाही.

९ एप्रिल

खारूताईचा फोन आला. "मावशी, मेअखेरपर्यंत वायरी आहेतच. सात आठवडे. पहिल्यापासून करू. येताय का?"

"कशाला? हात तर सुताराचा."

"तुम्हाला बघायचं नाही का, खरंच किती लागतं ते?"

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"एक अट आहे. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं."

१५ एप्रिल

जन्मात कधी "कळलं नाही" म्हटलं नव्हतं. गिरणीत म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. या आठवड्यात शंभर वेळा म्हटलं. पहिले वीस नुसते पुटपुटले. मग सवय झाली. आज तर सुताराच्या बायकोनं, जेवण झालं का, म्हणून विचारलं, त्यालाही कळलं नाही म्हणून गेले.

कानांवर ठोकळे मीच मागून घेते.

२७ एप्रिल

खारूताई रोज करंट एकेक मुंगीएवढा वाढवते. आज मधल्या बोटाखाली टोचणी दोन प्रकारची आली. एक सरळ, एक तुटक तुटक. मी म्हटलं, "पहिली रेघ होती, दुसरी टाक्यांची शिवण." पट्टी काढून बघितलं. पहिली काच. दुसरं पोतं.

खारूताईनं मला मिठी मारली. मी म्हटलं, "दंडाला लागतंय, वायरी निघतील." निघाल्या नाहीत.

५ मे

सहा. कानांवर ठोकळे घालून. बालवाडीत बसले एकदाची.

सुतार माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "बाई, मला वाईट वाटतं. हात तुमचा होता."

मी म्हटलं, "माझा नव्हता, माझ्या कानांचा होता. तुम्ही काय करणार त्याचं?"

"फळीवरून फिरवीन. रंधा मारल्यावर फळी कशी होते ते तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं? मला?" त्याला कापडावर तासभर ऐकवलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. गडी वाईट नाही.

१७ मे

आज हात घरी आणला. पेटी, वायरी, सगळं. दोन आठवडे घरी घालायला दिलाय, रोज फॉर्म भरायचा. मुकादमाला फोन करून सांगितलं, टेबल दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला, "दिलंय कधीच, बाई." बरं झालं. आपण होऊन तरी सांगितलं.

हे कामावर होते. मी कपाट उघडून सगळं पलंगावर काढलं. टॉवेल: टाके मोठे मोठे. चादर: बारीक, जवळजवळ. लोकरी शाल: नुसता गोंधळ. दारातलं पायपुसणं: भांडायला उठलं. अर्धी बोटं गप्पच आहेत, करंगळीला तर काहीच पोचत नाही, आणि जे पोचतं तेही जाड भिंतीपलीकडून बोलल्यासारखं. कापड नाही ते. कापडाची खबर आहे. पण अडीच वर्षांत खबरसुद्धा आली नव्हती. ढिगात बसून राहिले. भात करपला.

१८ मे

हे लिहायला वेळ लागणार आहे.

काल संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, माझ्या उजवीकडे बसले. मी रबरी हात पुढे केला आणि म्हटलं, "आणा तो हात. उलटा नको, सुलटा."

यांनी आधी विजारीला पुसला. मग दिला. मी बोटं मिटली, अंगठा तळव्यावरून फिरवला.

काही नाही. दाब आला, खरखर नाही. सरळ रेघ. काच.

दुसऱ्यांदा फिरवला. काच. असा संताप आला म्हणून सांगू. पायपुसण्याचं कळतं आणि याचं कळत नाही? याच्यासाठी तर सगळं. खारूताईला फोन लावला आणि म्हटलं, "पेटी मेली."

ती म्हणाली, "मावशी, एखाद्या खडबडीत वस्तूवर घासून सांगा." पायपुसण्यावर घासलं. टोचतंय. "मग पेटी चांगली आहे," ती म्हणाली. "कशावर कळत नाहीये?"

मी फोन ठेवला. यांचा हात धरून दिव्याखाली नेला. आणि बघितलं. अडीच वर्षांत बघितलाच नव्हता. तळवा कारकुनाचा. घट्टे गेलेले, भेगा भरलेल्या, नखांत काळं नाही. गुळगुळीत, गुलाबी.

मी म्हटलं, "हा कोणाचा हात?"

हे खाली बघत म्हणाले, "डेपोत हातमोजे घालतो. जानेवारीपासून. डेपोतून निघताना दगड, रात्री तेल."

"कशाला पण?"

तळवा मिटून घेतला. मग म्हणाले, "तुला पहिल्यांदा अंगठ्याला लागलं ना, त्या दिवशी तू इतकी... मला वाटलं, एक दिवस माझा हात पण धरशील. आणि मग म्हणशील, लांब ठेवा, उसवतंय."

एवढं बोलले हे. एका दमात.

सत्तावीस वर्षांपूर्वी एका कापडावरून मी एक वाक्य ओरडले आणि हा माणूस तेव्हापासून हात उलटा करून जगतोय. आणि आता दगडानं घासतोय. मी गिरणीभर नाचवलेला हात माझा, त्याला अख्ख्या ठाणातली एकुलती गाठ सापडायची. घरातली नाही सापडली.

शेवटी म्हटलं, "मला कानसच पाहिजे होती."

"काय?"

"तीच पाहिजे होती हो. तापात एकदा धरला होतात तशी. मला आठवतंय. तुम्हाला नाही आठवत."

हे म्हणाले, "आठवतं."

मी तो हात सोडला नाही.

मग मी म्हटलं, "उद्यापासून हातमोजे घालायचे नाहीत. दगड जागेवर ठेवा. तेलाची बाटली मी नणंदेला देतेय."

"अगं, वायरी एकोणतीसला काढणार. दहा दिवसांत काय होणार?"

"होईल तेवढं होईल. तुमच्या डेपोत खराब बस नाहीत का?"

२१ मे

शून्य. फॉर्मवर शून्य लिहिलं.

२३ मे

यांनी सगळ्यांत जुन्या बसचं काम मागून घेतलं. कुणी हात लावत नाही अशी आहे म्हणे. साहेबानं विचारलं, "काय हो, निवृत्तीआधी शिक्षा हवीय का?" हे म्हणाले, "घरून सांगितलंय."

संध्याकाळी बघितलं. शून्य. नुसता एक फोड आलाय. फोड मोजायचा नाही असं ठरलं.

२६ मे

शून्य आणि एकच्या मध्ये. मला खात्री नाही. म्हणून कळलं नाही असं लिहिलं. यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "एक लिहून टाक की."

"नाही लिहीत. खोटे दहा मिळवून बसलेय मी."

नणंदेचा फोन आला, "दादाच्या हाताचं काय ते?" तिला सांगितलं. आधी हसली, मग रडायला लागली, मग मला म्हणाली, "वहिनी, तू फार दुष्ट आहेस." बाटली घ्यायला येणारे.

२८ मे

उद्या सकाळी सातला उपाशीपोटी जायचंय. वायरी निघतील, कातडी शिवतील. खारूताई म्हणाली, तिच्या पुढच्या पेटीत तुटक टोचणीची पद्धत माझीच राहील, "टाक्यांची शिवण" असं नावच दिलंय तिनं. सुतारानं एक रंधलेली फळी पाठवलीय, जायच्या आधी फिरवून बघा म्हणून. बघितली. बरी आहे. कापडासारखी नाही.

हे आज लवकर आले. जुनी बस सुरू झाली म्हणाले. उजवीकडे बसले, हात सुलटा करून माझ्या मांडीवर ठेवला, विजारीला पुसला नाही. मी रबरी बोटं मिटली आणि अंगठा हळू फिरवला. बोटांच्या बुडाशी काच. मधे काच. मग अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, जिथे पाना टेकतो, तिथे तीन टाके. तुटक. थांबून परत फिरवला. तीन टाके. कान मी कापसानं बंद केले होते, डोळे मिटले होते.

हे काहीतरी विचारत होते, मला ऐकू आलं नाही. कापूस काढला.

"काही कळलं का?"

"थोडं."

"किती?"

"मोजतेय. हलू नका."

हलले नाहीत. बसल्या बसल्या झोपच लागली यांना, मान माझ्या उजव्या खांद्याकडे. दमलेत. मी डाव्या हातानं हे लिहितेय, उजव्यात यांचा हात आहे. फॉर्म पण पुढ्यात आहे. काय लागलं: खरखर. कुठे लागलं: उजव्या हाताला. दहापैकी किती लागलं: दोन.

दोन खरे आहेत.

पेटीचा दिवा अजून हिरवा आहे. तो तांबडा होईपर्यंत अंगठा फिरवत बसते.